उंची नक्की कोणासाठी वाढवायची?

परवा रविवारी दादाकडे गेलो होतो. पुतणी साडेचार वर्षांची. तिला डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन प्रतींत. चहा देता देता वहिनी म्हणाली, "भाऊजी, हिला ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं सुरू करा म्हणतायत. रोज रात्री एक. शेजारच्या तिच्या वयाच्या मुलीपेक्षा चार बोटं लहान दिसते ना."

च्यायला, माझं डोकंच फिरलं!

अहो, या मुलांची उंची कमीच असते. म्हणून तर त्यांच्यासाठी वाढीचे वेगळे तक्ते आहेत. अमेरिकेत २०१५ साली नवे तक्ते निघाले. ते तिकडच्या मुलांचे आहेत, मान्य. पण शेजारणीच्या मुलीपेक्षा बरे! माप घ्यायची पट्टीच चुकीची असेल तर आकडा बरोबर कसा येणार?

आता हार्मोनचं बघू. स्वीडनमध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांना तीन वर्षं हे हार्मोन देऊन पाहिलं, १९९९ साली निष्कर्ष छापून आले. उंची वाढली, हे खरं. पण औषध थांबवल्यावर वाढीचा वेग पुन्हा मंदावला. आणि बौद्धिक विकासात, चालण्या-धावण्यात हार्मोन न दिलेल्या बाळांपेक्षा काही फरक दिसला नाही. मग रोज सुई टोचून मिळवलं काय? चार लोकांत पोर 'नॉर्मल' दिसल्याचं समाधान. तेही आपलं, तिचं नाही.

तपासणीत खरोखरच ग्रोथ हार्मोनची कमतरता निघाली तर गोष्ट वेगळी. तिथे औषध द्यायलाच हवं. पण तपासणी झाली होती का? नाही. मी विचारलं, "थायरॉइड शेवटचं कधी बघितलं?" दादा-वहिनी एकमेकांकडे बघायला लागले. दोन वर्षं झाली म्हणे! या मुलांत थायरॉइड मंदावणं नेहमीचं, त्यानेही वाढ खुंटते आणि त्यावर साधी गोळी असते. म्हणूनच वर्षातून एकदा तरी रक्त तपासायचं असतं. हृदयाचे दोष, सीलिअ‍ॅक, झोपेत श्वास अडकणं, हेही बघायचं असतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले बग सापडल्याशिवाय पॅच टाकत नाही हो, आणि इथे तर जितंजागतं पोर आहे.

सोमवारी सकाळी रक्त दिलंय. रिपोर्ट अजून यायचाय. काही निघेल, काही निघणारही नाही. पण तोवर इंजेक्शन नाही, हे दादाने कबूल केलंय.

पुतणी मात्र मजेत. निघताना स्टुलावर चढून माझा चष्मा काढून घेतला तिने. हात बरोबर पोचला!