ऑइलचा लाल दिवा लागला तर वायर काढू नका, इंजिन बंद करा



आज फवारणीचा सल्ला नाही. आज जनरेटरबद्दल माझं मत मांडतोय. थोडं कडक वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा.

मागच्या आठवड्यात एका सभासदाच्या शेडवर गेलो होतो. जनरेटरवर ड्रिप चालू होतं. इंजिनाच्या ऑइल प्रेशर सेन्सरची वायर काढून टेप गुंडाळून ठेवलेली दिसली. विचारलं तर दादा म्हणाले, "सारखं लो ऑइल प्रेशर दाखवून बंद पडायचं. वायर काढली, आता एकदम भारी चालतंय."

दुरुस्ती काहीच झाली नव्हती. फक्त सांगणारा गप्प केला होता.

इंजिनाचा क्रँक बेअरिंगमध्ये फिरतो तो ऑइलच्या पातळ थरावर. पंपाने दाब दिला नाही की तो थर तुटतो आणि धातूवर धातू घासतो. लोडवर असताना बेअरिंग जायला फार वेळ लागत नाही. मग क्रँक ग्राइंडिंग, नवीन बेअरिंग आणि ऐन हंगामात जनरेटर वर्कशॉपला. ऑइल-फिल्टरचा खर्च यापुढे काहीच नाही.

वायर का काढली जाते, तेही मला कळतं. थ्री फेज मोजके तास, त्यात लाइट गेलेली, पिकाला पाणी पाहिजे किंवा शीतखोलीत माल भरलेला. पण एका रात्रीचं पाणी उद्या देता येतं. बसलेलं इंजिन उद्या चालू होत नाही.

*दिवा लागला किंवा काटा पडला तर या क्रमाने जा:*

1. लोड काढा आणि लगेच इंजिन बंद करा. "जरा गार होऊ दे" म्हणून चालू ठेवू नका. पुन्हा स्टार्ट मारून बघू नका.

2. दहा मिनिटं थांबा. जनरेटर सपाट जागेवर असू द्या. ऑइलची पट्टी काढा, पुसा, परत घालून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. कमी असेल तर त्याच ग्रेडचं भरा आणि गेलं कुठे ते शोधा. फिल्टर, ड्रेन बोल्ट आणि इंजिनाखालची जमीन बघा.

3. पट्टीवरचं ऑइल बोटावर घ्या. डिझेलचा वास येतोय, ऑइल पातळ आहे आणि लेव्हल उलट वाढली आहे, तर डिझेल मिसळतंय. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. दोन्हीत इंजिन चालू करू नका, मिस्त्री बोलवा.

4. ऑइल आणि फिल्टर किती तासांपूर्वी बदलला? आठवत नसेल तर उत्तर मिळालं. इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच ऑइल वापरा.

5. गार असताना प्रेशर ठीक आणि तापल्यावरच पडतं का? मग रेडिएटरच्या जाळीतली धूळ-पाचट काढा, कूलंट बघा (झाकण इंजिन गार झाल्यावरच उघडा) आणि शेडमधली गरम हवा बाहेर जाते का ते पाहा. तापलेलं ऑइल पातळ होतं. हे सगळं ठीक असेल तर बेअरिंगची झीज असू शकते.

6. तरीही कारण सापडलं नाही, तर मिस्त्रीला सेन्सरच्या जागी साधं मेकॅनिकल गेज लावायला सांगा. पुस्तकातल्या आकड्याशी रीडिंग जुळवा.

"सेन्सर खोटं बोलतो" असं बरेच जण म्हणतात. कधीकधी ते खरंही असतं. पण ते ठरवायचं गेजने, वायर काढून नाही. गेजवर प्रेशर बरोबर आलं तर सेन्सर किंवा वायर बदला, काम संपलं. गेजवरही कमी आलं तर पंप, त्याची जाळी, रिलीफ व्हॉल्व्ह, बेअरिंग, हे वर्कशॉपचं काम.

आणखी एक सवय सोडा. प्रेशर पडलं की जाड ऑइल ओतायचं. काटा वर येतो, पण झीज भरून निघत नाही. उलट गार इंजिनात जाड ऑइल वरपर्यंत उशिरा पोचतं.

आता आपल्या सगळ्यांसाठी. जनरेटर सामाईक असेल तर जबाबदार माणूस एकच ठेवा. शेडमध्ये वही टांगा: तारीख, मीटरचे तास, ऑइल लेव्हल, किती ओतलं, कोणी ओतलं. रोज तीन आठवड्यांनी नाही, प्रत्येक वेळी चालू करण्याआधी लिहा.

आणि ऑपरेटरने दिवा बघून इंजिन बंद केलं तर त्याला ओरडू नका. शिव्या खाव्या लागतात म्हणूनच पोरं वायर काढतात. आपल्या संकलन केंद्रावरही हाच नियम हवा, असं मी संचालक मंडळापुढे मांडणार आहे. इंजिन बंद ठेवायची वेळ आली तर शीतखोलीचं दार उघडू नका, गारवा टिकतो. तोवर भाड्याच्या जनरेटरची सोय बघता येते.

*आजच एक काम करा.* चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. ऑइलचा दिवा लागला पाहिजे आणि स्टार्ट झाल्यावर काही सेकंदांत विझला पाहिजे. चावी ऑन करून दिवा लागतच नसेल, तर बल्ब गेलेला किंवा कोणीतरी वायर काढलेली असू शकते. ती आधी जोडून घ्या.

आपला,
कृषी सल्लागार