प्रोफाइल लिहिण्याआधी सहकाऱ्यांना विचारा
लिंक्डइनवर आपल्या मुलामुलींची प्रोफाइल वाचताना वाईट वाटतं: काम डोंगराएवढं आणि त्याची नोंद दोन ओळींत. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. पण खरं कारण वेगळंच आहे. आपल्याला काय चांगलं जमतं, ते बऱ्याचदा आपल्यालाच दिसत नाही. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या मानसशास्त्रज्ञांनी 1955 मध्ये मांडलेल्या ‘जोहारी खिडकी’चा एक कप्पा नेमका याचाच आहे: इतरांना ठाऊक, स्वतःला अज्ञात. भोसरीच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणारी एखादी मुलगी ‘मेहनती, टीम प्लेयर’ असं लिहून मोकळी होते. शेजारच्या टेबलावरच्याला विचारा, तो सांगेल, ‘माल परत आला की चिडलेल्या ग्राहकाशी बोलायला सगळे हिलाच पुढे करतात.’ प्रोफाइलमध्ये हे वाक्य हवं! म्हणून ‘माझं प्रोफाइल कसं वाटलं?’ असं मोघम विचारू नका. ‘छान’ एवढंच उत्तर येतं. ‘कुठल्या कामासाठी तुला माझी आठवण येते?’ असं विचारा, आणि निदान एक तरी माणूस तुमच्या हाताखाली काम केलेला असू द्या. 2012 मध्ये लिंक्डइनवर आलेल्या एका क्लिकच्या ‘एंडोर्समेंट’ला माझ्या लेखी फार वजन नाही. सोबत काम केलेल्याने नेमका प्रसंग सांगून लिहिलेली शिफारस मोलाची. ती मोघम असेल तर दुरुस्ती मागायची सोय तिथेच आहे, संकोच न करता वापरा.