सायकलीचे सोवळे

जुन्या शर्यती सायकलींचा जीर्णोद्धार करणाऱ्यांमध्ये एक कर्मठ पंथ आहे. सायकल १९७२ची असेल तर चाकाच्या नटापासून ब्रेकच्या रबरापर्यंत सर्व काही त्याच सालचे आणि त्या सालच्या कॅटलॉगात छापलेलेच हवे, हा त्याचा दंडक. फ्रेंच सायकलीवर जपानी गिअर दिसला की या मंडळींना विटाळ होतो. मग प्रायश्चित्तही सांगितले जाते: मूळ भाग शोधा आणि ते मिळेपर्यंत सायकल भिंतीला टांगून ठेवा. आमचे म्हणणे असे, की हे सोवळे इतिहासाला धरून नाही आणि सायकलीच्या हिताचे तर मुळीच नाही.

प्रथम इतिहास पाहू. प्यूजोची पीएक्स-१० हे या पंथाचे एक लाडके दैवत. फ्रेंच सायकलकलेचा नमुना म्हणून तिचा गौरव होतो. परंतु तिच्या फ्रेमच्या रेनॉल्ड्स ५३१ नळ्या बर्मिंगहॅमच्या, म्हणजे चक्क इंग्रजी! ब्रेक क्लेरमाँ-फेराँच्या माफाकचे, डिरेलर दिजाँच्या सिम्प्लेक्सचा, क्रँक सेंत-एत्येनच्या स्ट्राँगलाइटचे. प्यूजोने फ्रेम बांधली आणि बरेचसे सामान इतरांकडून घेतले. जिला आज 'मूळ' म्हणून पुजले जाते ती जन्मतःच मिश्र होती. त्या मिश्रणाला शास्त्र मानायचे आणि नंतर मालकाने केलेल्या मिश्रणाला भ्रष्टाचार म्हणायचे, याला आधार काय?

मालकाने बदल का केला, हेही पाहावे. त्या काळच्या सिम्प्लेक्स डिरेलरमध्ये डेल्रिन या प्लास्टिकचा मुबलक वापर असे आणि ते जुने झाले की तडकते. याउलट जपानच्या सनटूरने १९६४ मध्ये तिरकस समांतरभुजी रचनेचा डिरेलर आणला. फ्रीव्हीलची दातेरी चक्रे लहानमोठी असली, तरी या रचनेत साखळीला वाट दाखवणारी चकती प्रत्येक चक्रापासून जवळजवळ सारख्या अंतरावर राहते. त्यामुळे गिअर सहज बदलतो. १९८४ मध्ये तिचे पेटंट संपताच शिमानोने ती उचलली. १९७०च्या दशकात सिम्प्लेक्स काढून सनटूर बसवणारा स्वार अडाणी नव्हता. त्याने डोळसपणे निवड केली होती. ती निवड हा त्या सायकलीच्या चरित्राचा भाग आहे. तो पुसून टाकणाऱ्याने स्वतःला इतिहासप्रेमी म्हणवून घेऊ नये.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. संपादकांनी प्रक्षिप्त ठरवलेला मजकूर मुख्य संहितेतून काढला. पण तळटीपांत आणि परिशिष्टांत तो जपून ठेवला. सायकलींच्या या संशोधकांना तेवढाही धीर नाही. त्यांची प्रक्षिप्ते थेट भंगारात जातात.

याहून मोठा अपराध वेगळाच आहे. एका सायकलीचे सोवळे पुरे करण्यासाठी दुसरी धडधाकट सायकल उकलली जाते. तिचे ब्रेक एकाला, क्रँक दुसऱ्याला, आणि उघडी फ्रेम कोपऱ्यात. ज्या जातीच्या सायकली वाचवायच्या, त्यांचीच संख्या या वाचवण्याने घटते.

आणि स्वाराचे काय? पीएक्स-१०च्या पुढच्या चकत्या ५२ आणि ४५ दातांच्या असत. तरण्या शर्यतपटूला त्या शोभल्या. साठीतल्या गुडघ्यांनी चढावर त्यांचे कौतुक का करावे? त्याच क्रँकवर ३८ दातांची चकती बसते. ती बसवावी. ब्रेकचे पन्नास वर्षांचे रबर दगडासारखे झालेले असते. उतारावर प्रामाणिकपणाने गाडी थांबत नाही. ती नव्या रबराने थांबते.

इटलीत गायोले इन कियांती येथे १९९७ पासून 'ल'एरोइका' भरते. तेथेही जुन्या सायकलीचा आग्रह आहे: ती १९८७ची वा त्याआधीची असावी, गिअरचे दांडे फ्रेमच्या नळीवर असावेत, ब्रेकच्या तारा हँडलाबाहेरून याव्यात. या अटींशी आमचे भांडण नाही, कारण त्या पाळून सायकल धुळीच्या रस्त्यावर न्यायची असते, भिंतीवर टांगायची नसते.

याचा अर्थ आम्ही स्वैराचाराची वकिली करतो असा कोणी काढू नये. मर्यादा आहे, आणि ती साधी आहे: जे परत फिरवता येते ते करावे, जे येत नाही ते करू नये. फ्रेंच बॉटम ब्रॅकेटचे आटे ३५ मिलिमीटरचे, इटालियन ३६चे. फ्रेंच भाग दुर्मिळ, म्हणून काही जण जुन्या फ्रेममध्ये इटालियन आटे पाडून मोकळे होतात. खरवडलेले धातू परत येत नाही. हे पाप आम्हीही पापच मानतो. आट्यांचा आधार न घेता दोन्ही बाजूंनी आवळून बसणारे बॉटम ब्रॅकेट मिळत असताना तर अधिकच. हँडलचा फ्रेंच दांडा २२ मिलिमीटरचा आणि इतरत्र रूढ असलेला २२.२चा. तो फोर्कच्या नळीत जात नसेल तर दांडा घासावा, नळी नव्हे. कानस नेहमी नव्या भागाला लावावी, जुन्याला कधीही नाही.

काढलेला भाग डबीत ठेवावा, त्यावर साल आणि कारण लिहावे, म्हणजे पुढच्या मालकाला हवे तर सारे पूर्ववत करता येईल. एवढी तळटीप पुरे आहे. त्यानंतर हवा भरावी आणि सायकल रस्त्यावर काढावी. कोणी खिचडी म्हणून हिणवले तर वाईट वाटून घेऊ नये. पोट तिनेच भरते.