विश्लेषण : टूल बदलण्याआधी स्पिंडलला ठरावीक कोनातच का थांबावे लागते?

भोसरी असो वा कोल्हापूरची शिरोली, जॉबवर्क करणाऱ्या छोट्या कारखान्यांतही आता व्हीएमसी मशीन रुळले आहे. ड्रिल, टॅप, बोरिंग बार ते स्वतःच बदलते. जुने मशीन घेऊन, बेल्ट-मोटार बदलून काम चालवणारेही अनेक. त्यांना एक बारीकशी गोष्ट महागात पडू शकते : स्पिंडल ओरिएंटेशन.

हे नेमके काय?

स्पिंडलच्या तोंडाशी समोरासमोर दोन ड्राइव्ह की असतात आणि होल्डरच्या कॉलरवर त्यांच्या मापाच्या खाचा. सर्रास दिसणाऱ्या बीटी होल्डरचा ७:२४ टेपर टूलला अचूक जागी बसवतो. कटिंगचा जोर मात्र या की पेलतात. हाताने टूल चढवताना कारागीर होल्डर जरा फिरवून खाचा जुळवतो. टूल चेंजरच्या आर्मला ती समज नाही. म्हणून एम०६ची टूल-बदल होण्याआधी स्पिंडल ठरलेल्या कोनात थांबवून धरतात. त्याचा कोड एम१९. कोन चुकला, तर होल्डर कीवर आदळतो, आर्म वाकू शकतो आणि दुरुस्ती होईपर्यंत मशीन बंद.

कोन कसा ठरतो?

एन्कोडर त्याच्या प्रत्येक फेरीत एकदा खूण देतो, तिला शून्य पल्स म्हणतात. अनेक फानुक कंट्रोलवर तिथपासूनचे अंतर ४०७७ या पॅरामीटरमध्ये भरतात. पूर्ण फेरीचे भाग ४०९६, म्हणजे एक भाग ०.०९ अंशाहूनही कमी. एन्कोडर मोटारीवर असेल आणि बेल्ट उतरवून पुन्हा चढवला, तर मोटार-स्पिंडलची जुळणी बदलते. पॅरामीटरमधला आकडा तोच राहतो, स्पिंडल मात्र भलत्याच कोनात थांबतो.

ही चूक निदान लगेच दिसते. खरी फसगत पुढे आहे. मोटारीच्या दोन फेऱ्यांत स्पिंडलची एक, अशी पुली असेल, तर स्पिंडलच्या एका फेरीत शून्य पल्स दोनदा येते, १८० अंशांच्या अंतराने. बीटी होल्डरच्या दोन्ही खाचा सारख्याच, त्यामुळे टूल उलटेही बिनबोभाट बसते. ऑपरेटरला वाटते, सेटिंग जमले!

मग जी७६ने बारीक बोरिंग सुरू होते. भोकाच्या तळाशी स्पिंडल ओरिएंट होतो, धार भिंतीपासून बाजूला सरकते आणि बार वर येतो. स्पिंडल उलटा थांबला असेल, तर धार सरळ भिंतीत घुसते. पूर्ण होत आलेला जॉब भंगारात.

अशा मशीनवर स्पिंडललाच स्वतंत्र सेन्सर हवा, जो स्पिंडलच्या फेरीत एकदाच खूण देईल. बेल्ट बदलल्यावर बोरिंग बार लावून, जॉबपासून दूर एम१९ द्यावा आणि धार कोणत्या बाजूला थांबते ते पाहावे. वीज बंद-चालू करून तीच तपासणी चार-पाच वेळा करावी. एकदाही बाजू बदलली, तर जी७६ लावू नये.