लिलावाच्या रांगेत फॉर्च्युनर नसते

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या लिलावासाठी लागलेली रांग कधीतरी नुसत्या वाहनांकडे बघत न्याहाळावी. ट्रॅक्टर-ट्रॉली, पिकअप, परत ट्रॅक्टर, मध्येच एखादा छोटा हत्ती. त्याच समितीची निवडणूक लागली की आवारातल्या गाड्यांची जात बदलते. पांढऱ्या स्कॉर्पिओ, काळ्या काचांच्या फॉर्च्युनर. ‘शेतकऱ्याला मोठी गाडी लागतेच’ हे आपण सवयीने म्हणून टाकतो. पण नेमकी कशाला लागते?

मालासाठी म्हणावे, तर नाशिकचा कांदा ट्रॉलीत मोकळा भरतात आणि लिलावानंतर खळ्यावर तसाच ओततात. गालिचा अंथरलेल्या डिकीत त्याचे काय काम? ऊस कारखान्याच्या तोडणी-वाहतुकीच्या व्यवस्थेतून जातो, दुधाच्या किटल्या दुचाकीला लटकून डेअरीवर पोचतात. चिखलासाठी म्हणावे, तर गावोगाव दिसणाऱ्या बोलेरो आणि स्कॉर्पिओ क्लासिक यांची फक्त मागची चाके ओढतात. पावसाळ्यात काळ्या रानात त्या रुतल्या की बाहेर काढायला ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. गाडी उंच हवी म्हणावे, तर बोलेरोचा तळ जमिनीपासून 180 मिलिमीटर आणि चिमुकल्या क्विडचा 184. रस्ताही मोठ्या गाडीच्या बाजूचा नाही. ग्रामसडक योजनेचा डांबरी पट्टा साधारण पावणेचार मीटर रुंद आणि फॉर्च्युनर आरसे सोडून 1.85 मीटर. अशा दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला साइडपट्टीवर उतरावेच लागते, आणि साइडपट्टी बहुधा बाभळींनी गिळलेली असते.

यावर खरा आक्षेप निघतो तो माणसांच्या बाजूने. एकत्र कुटुंबात आठ-दहा माणसे, सासुरवाडीचे लग्न, रात्री कळा सुरू झालेली बाळंतीण, आणि एसटी दिवसातून दोनदा, तीही आली तर. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका 2014 पासून धावते आहे, पण आडगावात तिची वाट पाहत बसण्यापेक्षा शेजारची गाडी काढणे लोकांना खात्रीचे वाटते. मात्र गरज कोणाची, हे इथे नीट पाहायला हवे. पश्चिम महाराष्ट्रातले वडाप आणि विदर्भ-मराठवाड्यातली काळीपिवळी हीच गरज वर्षानुवर्षे भागवत आली आहे. जिथे एसटी पोचत नाही तिथे एक जीप सकाळी कॉलेजची पोरे नेते, दुपारी बाजार करून आलेल्या बाया आणते, रात्री पेशंट नेते. मोठी गाडी गावाला लागते, यात वादच नाही. प्रत्येक घराच्या दारात एक लागते, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

घराच्या हिशेबात तर ती बसतच नाही. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातले सरासरी वहितीक्षेत्र 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. सगळ्यात कांदा लावला, एकरी शंभर क्विंटल निघाला आणि क्विंटलला दीड हजार भाव लागला असे धरले, तर खर्च न वजा करता पाच लाख होतात. तीस लाखांची गाडी म्हणजे अशा सहा वर्षांचे सगळे पीक. म्हणून ही गाडी बहुतेकदा पिकातून येत नाही. जमिनीचा मोबदला, ठेकेदारी, घरातली नोकरी किंवा हप्ते यांतून येते. कोणी म्हणेल, पुण्यातला आयटीवाला एकटा बसून एसयूव्ही फिरवतो तेव्हा कोणी हिशेब मागत नाही, मग शेतकऱ्यालाच का? बरोबर आहे. आयटीवाल्याचीही ती हौसच, फक्त तो तिला अवजार म्हणत नाही. शिवाय गावातल्या हौसेला एक कडवट कारण आहे. तालुक्याच्या कचेरीत मोठ्या गाडीतून उतरणाऱ्याला खुर्ची मिळते आणि दुचाकीवरून आलेला दाराशी ताटकळतो. ही किंमत मोजून विकत घेतलेली पत आहे, आणि ती घेणाऱ्याला मी हसणार नाही.

माझी हरकत आहे ती धोरणात शेतकऱ्याचे नाव पुढे करण्याला. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, मालवाहू पिकअपवरचा 28 वरून 18. हे शेतीच्या कामाचे झाले. त्याच दिवशी मोठ्या एसयूव्हीवरचा कर, उपकर धरून 50 टक्के होता तो 40 वर आला. त्या दहा टक्क्यांचे समर्थन कोणाला करायचे असेल तर खुशाल करावे, पण लिलावाच्या रांगेतल्या माणसाला त्यात ओढू नये. त्याला संध्याकाळी परतीची एसटी मिळाली तरी पुष्कळ.