आईचं वजन आणि लेकराचं ताट

लग्नाच्या पंगतीत चार वर्षांची मुलगी तिसऱ्या जिलबीकडे हात नेते. शेजारी बसलेली आई तो हात हळूच धरते आणि काकडीची फोड पुढे करते. तेवढ्यात समोरून कुणीतरी म्हणतं, "अगं, आधी स्वतःकडे बघ की!" आई अंगानं जाड आहे. पंगत हसते, आईही कसनुसं हसते आणि मुलीचा हात सोडून देते. असा प्रसंग ज्या घरानं पाहिला नाही, असं घर महाराष्ट्रात शोधावंच लागेल.

त्या एका वाक्यानं आईची मान खाली जाते, हे तर झालंच. पण आईचं म्हणणं ऐकायची गरज नाही, हे त्या मुलीला तिथंच कळतं. 'खाण तशी माती' असं म्हणून जाड आईबापांना मुलांच्या खाण्याबद्दल बोलण्याचा हक्कच नाकारला जातो. हा अन्याय आहे आणि त्याची किंमत मुलं मोजतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा स्थूल आहेत. आईबाप होण्याचं वय हेच. सडपातळ माणसांनीच मुलांना खायला शिकवायचं म्हटलं, तर अशा लाखो घरांतली मुलं कुणाच्या भरवशावर सोडायची? याच सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण आधीच्या फेरीतल्या २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेलेलं दिसतं. आकडा लहान आहे, पण चढता आहे.

धोका खोटा नाही. अमेरिकेत रॉबर्ट व्हिटेकर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळलं, की आई किंवा वडील स्थूल असतील तर दहा वर्षांखालचं मूल मोठेपणी स्थूल होण्याची शक्यता दुपटीहून वाढते. मग ते मूल आज जाड असो वा नसो. त्याआधी १९८६ मध्ये अल्बर्ट स्टंकार्ड यांनी डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांची माहिती तपासली. मोठेपणी त्यांची अंगकाठी जन्मदात्या आईबापांसारखी निघाली, सांभाळणाऱ्यांसारखी नाही. हे वाचून एखादी आई म्हणेल, "मग आमच्या हातात उरलं काय?"

उरलं ते ताट. वजन आणि खाणं या दोन गोष्टी आपण एकच समजतो आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. अंगकाठी बरीचशी रक्तातून येते. पण गवारीची भाजी आवडीनं खाणं, तहान लागली की पाणी पिणं, पोट भरलं की हात आखडता घेणं हे घरात शिकावं लागतं. एखादं मूल सगळं नीट खाऊनही अंगानं आईवर जाईल. म्हणून त्या आईचे कष्ट वाया गेले असं मुळीच नाही.

आणि बारीक अंग म्हणजे निरोगी अंग, हा समज तर पुण्यातच मोडला गेला आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या नवजात बाळांची मोजमापं इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोंची, तिकडची साडेतीन किलोंची. आपल्या बाळांचे हातपाय काटकुळे होते, स्नायू कमी होते, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ टिकून होती. पुढे २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं याज्ञिक आणि जॉन युडकिन या दोन संशोधकांचं शेजारी-शेजारी उभं असलेलं छायाचित्र छापलं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. तेव्हा पंगतीत टोमणा मारणाऱ्या सडपातळ नातेवाइकानं स्वतःला सुरक्षित समजायचं कारण नाही, आणि त्याच्या किरकोळ अंगाच्या मुलाला रोज बिस्किटाचा पुडा द्यायलाही हरकत नाही असं नाही.

जाड आयांबद्दलचा आणखी एक समज लंडनच्या संशोधक जेन वॉर्डल यांनी तपासला. या आया मूल रडलं की खाऊ देतात, शाबासकी म्हणून खाऊ देतात, पोट भरलं तरी आग्रह करतात, असं लोक सर्रास बोलतात. २००२ च्या त्यांच्या अभ्यासात स्थूल आया यांपैकी कुठल्याही बाबतीत इतर आयांपेक्षा वेगळ्या निघाल्या नाहीत. फरक दिसला तो एवढाच, की मुलाच्या खाण्यावर त्यांचं नियंत्रण कमी होतं. पंगतीतली ती आई आठवली, तर धरलेला हात का सुटतो हे वेगळं सांगायला नको.

मात्र धाक म्हणजे नियंत्रण नव्हे. आपल्यासारखं मुलाचं होऊ नये या भीतीनं काही पालक दुसऱ्या टोकाला जातात. फरसाणाचा डबा माळ्यावर, चॉकलेट कुलपात, आणि मूल समोर आलं की "तुला नाही". अमेरिकेतल्या लिअन बर्च आणि जेनिफर फिशर यांनी लहान मुलांवर प्रयोग करून दाखवलं, की डोळ्यांसमोर ठेवून मना केलेल्या खाऊची ओढ उलट वाढते. डबा माळ्यावर चढवण्यापेक्षा तो दुकानातूनच कमी वेळा आणावा. घरात नसलेल्या वस्तूवर भांडण होत नाही. आजोबा रोज संध्याकाळी नातवासाठी कुरकुरीत पुडी घेऊन येत असतील, तर त्यांना प्रेमानं सांगावं, "बाबा, त्याऐवजी पेरू आणा, चिकू आणा, भाजलेले शेंगदाणे आणा." आजोबांनी काहीतरी आणलं, याचंच नातवाला कौतुक असतं.

'पानात टाकायचं नाही' हा आपला संस्कार मोलाचा आहे, पण तो वाढणाऱ्यानं आधी पाळायला हवा. बर्च यांच्याच १९८७ च्या अभ्यासात, ताट संपवण्यावर भर दिला की मुलं पोटाची हाक ऐकेनाशी होतात, असं दिसलं. पळीभर भात वाढावा, लागला तर मुलानं मागून घ्यावा. अन्नाचा मान राहतो, पोटाचाही राहतो. उरलेलं उष्टं संपवायची पाळी मग आईवर येत नाही; किती बायकांच्या अंगावरचं वजन त्या चार-चार घासांचं असेल!

सगळ्यात मोठी चूक घडते ती वेगळ्या ताटांमुळे. बाबांचं डाएट सुरू, म्हणून त्यांना सूप आणि काकडी. मुलाला तूप-साखर-पोळी. आई शेवटी, उभ्या उभ्या, ओट्यापाशी. भाजी-कोशिंबीर ही जाड झालेल्यांना झालेली शिक्षा आहे, असंच त्या मुलाला वाटणार. खरं तर आपल्या ताटाची मांडणीच किती शहाणी! डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मध्ये भात-पोळी. तेच ताट सगळ्यांना, एका वेळी, टीव्ही बंद करून. फरक फक्त मापाचा.

आईबाप आणि मुलं एकत्र बदलली तर काय होतं, हेही तपासून झालं आहे. संशोधक लिओनार्ड एप्स्टाइन यांनी सहा ते बारा वर्षांची जाड मुलं आणि त्यांचे स्थूल पालक अशा कुटुंबांचे तीन गट केले. आईबाप आणि मूल दोघांच्याही सवयींवर काम झालेल्या गटातल्या मुलांचं जादा वजन दहा वर्षांनंतर साडेसात टक्क्यांनी घटलेलं होतं. असं नेमकं काम न झालेल्या गटात ते १४ टक्क्यांहून अधिक वाढलं होतं. इस्राएलमध्ये मोरिया गोलान यांनी तर मुलांना बोलावलंच नाही, त्या फक्त पालकांशी बोलल्या. मुलांनाच समजावण्यापेक्षा हा मार्ग जास्त उपयोगी ठरला.

अर्थात सगळा भार घरावर टाकून चालणार नाही. कल्याणहून लोकलनं आठ वाजता घरी पोहोचणाऱ्या आईला भाजी निवडायला वेळ कुठून मिळणार? महाराष्ट्र सरकारनं २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतल्या जंक फूडवर बंदी घातली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारापासून ५० मीटरपर्यंत असे पदार्थ विकायला मनाई केली. आपल्या मुलाच्या शाळेचं फाटक आठवावं आणि ५० मीटर चालून पाहावं. शाळा सुटल्यावर तिथं लोंबणाऱ्या पाच-दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा पालकसभेत बोलण्याचा विषय आहेत.

वॉर्डल यांचा आणखी एक प्रयोग रोजच्या जेवणात करण्याजोगा आहे. २००३ मध्ये त्यांनी दोन ते सहा वर्षांच्या मुलांच्या पालकांना मुलाची एक नावडती भाजी रोज, सलग १४ दिवस, नुसती चाखायला द्यायला सांगितली. बरीचशी मुलं ती भाजी आवडीनं आणि आधीपेक्षा जास्त खाऊ लागली. त्यासाठी आईनं बारीक व्हावं लागलं नाही. दुधी भोपळ्याची एक फोड तिच्या ताटात, एक मुलीच्या ताटात, आणि उद्या पुन्हा.