मिनी ट्रॅक्टरची नाली: खोलीआधी उतार

भंडारा जिल्ह्यातली धानशेती पाणी अडवण्यावर उभी आहे. वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. तो धरून ठेवण्यासाठी कोहळी समाजाने बांधलेले तलाव, शेतातल्या बोड्या (लहान तळी) आणि धुऱ्यांनी (बांधांनी) वेढलेल्या बांध्या अशी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जादा पाणी वेळेवर काढून देण्याकडे मात्र तेवढे लक्ष गेलेले नाही. रोवलेले पऱ्हे बुडून राहतात. युरिया देण्याआधी बांधी रिकामी होत नाही. कापणीला हार्वेस्टर रुततो आणि मागून येणारी हरभऱ्याची पेरणी लांबते. १५ ते २५ अश्वशक्तीच्या मिनी ट्रॅक्टरने जादा पाणी काढण्याचे काम शेतकऱ्याच्या आवाक्यात आणले आहे. नाली जितकी खोल तितका निचरा चांगला, ही समजूत मात्र अजून कायम आहे आणि तिच्यापायी बरेच डिझेल वाया जाते.

आधी पाण्याचा हिशेब करावा. एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा लाख लिटर पाणी जमा होते. ते २४ तासांत बाहेर काढायचे, तर सेकंदाला साधारण १२ लिटर पाणी वाहायला हवे. तळाला ३० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल, दोन्ही बाजूंना एकास एक उतरती आणि लांबीत दर १०० मीटरला २० सेंटिमीटर उतार असलेली स्वच्छ नाली काठोकाठ भरून वाहिली, तर सेकंदाला ६० ते ७० लिटर पाणी नेते, म्हणजे पाच हेक्टरांचे पाणी सहज निघते. तीच नाली गवताने भरली की तिची क्षमता निम्म्यावर येते. उतार उलटा पडला, तर खोली कितीही असली तरी नालीत डबके साचते. म्हणून निचऱ्यात उतार आणि सफाई आधी येतात, खोली नंतर. मिनी ट्रॅक्टरचे खरे बळ इथेच आहे: उथळ नाली काढायची आणि दरवर्षी तिच्यावरून पुन्हा फिरायचे.

खोदाईचा भारही याच हिशेबातून कळतो. वरच्या मापाची १०० मीटर नाली काढायला सुमारे १८ घनमीटर माती उचलावी लागते. खोली ४५ सेंटिमीटर केली, तर माती जवळजवळ ३४ घनमीटर होते. दीडपट खोलीला माती दुपटीच्या आसपास लागते. ती टाकायला जागा हवी, वाहून न्यायला ट्रॉलीच्या खेपा हव्यात, आणि शेताचा तेवढा पट्टा पिकाबाहेर जातो.

कामाची सुरुवात यंत्राने करू नये, पातळी मोजून करावी. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणि खुणा केलेल्या दोन काठ्या एवढ्यावर भागते. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. मोजणी नालीच्या तोंडापासून, म्हणजे पाणी जिथे सोडायचे त्या नाल्याच्या, बोडीच्या किंवा सामाईक चराच्या पातळीपासून सुरू करावी आणि वर सरकत जावे. दर १० मीटरला खुंटी ठोकावी. प्रत्येक खुंटीवर नालीचा तळ मागच्यापेक्षा २ सेंटिमीटर वर यायला हवा. तोंडाशीच पातळी मिळत नसेल, तर वरची खोदाई व्यर्थ आहे. अशा ठिकाणी पाणी बोडीत घ्यावे किंवा पंपाने उपसावे.

मातीचा पोत पुढचा निर्णय ठरवतो. चौरास भागातल्या कन्हार, म्हणजे काळ्या चिकण जमिनीत पाणी फारसे मुरत नाही, ते पृष्ठावरूनच जावे लागते. तिथे रुंद, उथळ आणि मोकळ्या उताराच्या नाल्या चालतात. उभ्या काठाची नाली एका पावसाळ्यात ढासळते. मोरांड (मध्यम) आणि सिहार (रेताड) जमिनीत काठ बरा टिकतो, पण सिहारातली बारीक रेती वाहत येऊन तळाशी बसते, म्हणून दर ३०–४० मीटरला एक खोलगट खड्डा ठेवून गाळ तिथे अडवावा. बरडीत, म्हणजे मुरमाड जमिनीत, निचऱ्यापेक्षा धूप हा मोठा प्रश्न. उतार जास्त असेल, तर नालीत ठिकठिकाणी दगड रचून पाण्याचा वेग तोडावा लागतो.

या कामाला लागणारी अवजारे साधीच आहेत. एका फाळाचा पलटी नांगर जाताना माती एका बाजूला आणि येताना दुसऱ्या बाजूला टाकतो, मध्ये सरी पडते. तीच सरी रिजरने रुंद करता येते आणि तिरप्या बसवलेल्या मागच्या ब्लेडने काठ उतरते होतात व तळ साफ होतो. एका फेरीत १० सेंटिमीटरपेक्षा जास्त खोल जाण्याचा हट्ट धरू नये. तीन-चार फेऱ्यांत ३० सेंटिमीटरची नाली निघते आणि इंजिनावर ताण येत नाही. नाली खोदायचा डिचर असेल तर काम लवकर होते, पण ओल्या चिकणमातीत लहान ट्रॅक्टर तो ओढू शकत नाही, चाके जागीच फिरतात. पीटीओवर चालणारे खड्डे खोदायचे यंत्र कुंपणाच्या खांबांना आणि झाडांना उपयोगी, नालीला नाही. मागे जोडायचा छोटा बॅकहो घ्यायचा झाला, तर त्याला ट्रॅक्टरच्या चेसिसखालून जाणारी स्वतंत्र चौकट हवी. नुसत्या थ्री-पॉइंट लिंकेजवर टांगला, तर त्याचे धक्के मागच्या हाउसिंगला बसतात आणि दुरुस्ती महाग पडते. मीटरभर खोलीचा चर, तलावाचा गाळ, मुरमाची खोदाई ही कामे जेसीबीची आहेत. मिनी ट्रॅक्टरने तिथे ट्रॉली ओढावी.

खोदलेली माती कुठे पडते, याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ती नालीच्या वरच्या काठाला सलग वरंब्यासारखी राहिली, तर शेतातले पाणी नालीपर्यंत पोहोचतच नाही. माती काठापासून किमान ५०–६० सेंटिमीटर दूर टाकावी, ब्लेडने पसरावी किंवा खचलेल्या धुऱ्यावर चढवावी. धान काढल्यावर दिसणारे बांधीतले खोलगट भागही याच मातीने भरता येतात. पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत सोडताना धुरा नुसता फोडू नये. चार इंची पाइपचा तुकडा गाडून त्याच्या खालच्या तोंडाशी दगड ठेवले, तर धुरा वाहून जात नाही आणि पाइप बंद करून पाणी पुन्हा धरता येते. धानाला तेही लागते.

बांधीत सबसॉयलर चालवताना विशेष सावधगिरी हवी. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने जमिनीखाली तयार झालेला घट्ट थरच पाणी धरून ठेवतो. तो फुटला की पुढच्या खरिपात बांधी गळते. सबसॉयलर कायमच्या भाजीपाल्याच्या किंवा फळबागेच्या तुकड्यात वापरावा, धानाच्या बांधीत नाही. बोडीचा गाळ काढतानाही तळाची चिकणमाती शाबूत ठेवावी.

कामाची वेळ वाफशावर ठरते. मूठभर माती दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर फुटावा, तेव्हा ट्रॅक्टर आत घालावा. मे महिन्यात कन्हार दगडासारखी कडक होते आणि भेगाळते, तेव्हा फाळ आत शिरत नाही. कोरडवाहू धानाच्या शेतात नोव्हेंबरअखेर ते जानेवारी हा काळ बरा. उन्हाळी धान घेणाऱ्या कालव्याखालच्या शेतात खरिपाची कापणी आणि नव्या रोवणीची चिखलणी यांमध्ये थोडेच आठवडे मिळतात, म्हणून पातळीची मोजणी आधीच करून ठेवावी. मृगाच्या पहिल्या पावसानंतर एक फेरी सफाईची करावी.

नालीच्या काही मर्यादाही आहेत. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा नाल्यांचे पाणी मागे फिरले. नदी चढलेली असताना शेतातली कोणतीही नाली पाणी बाहेर टाकू शकत नाही. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यालगत किंवा कालव्याच्या पाझराने भूजल वर आलेल्या पट्ट्यात ३० सेंटिमीटरच्या नालीने भागत नाही. तिथे सामाईक खोल चर आणि मोठी यंत्रे लागतात.

पाणी सोडताना शेजाऱ्याचाही विचार हवा. नैसर्गिक उताराने येणारे पाणी अडवून शेतीला धोका निर्माण केला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणे तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतात. त्यासाठी सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. म्हणून खालच्या शेतकऱ्याला विश्वासात घेऊन, शक्य असल्यास दोघांच्या धुऱ्यालगत एकच सामाईक नाली काढणे शहाणपणाचे.

नालीच्या काठावर काम करताना जीव जाऊ शकतो. ट्रॅक्टरचे चाक काठापासून नालीच्या खोलीएवढ्या अंतरात येऊ देऊ नये आणि पावसाने भिजलेल्या काठाला हे अंतर वाढवावे. धुऱ्यावरून तिरपा ट्रॅक्टर नेऊ नये, सरळ चढावे-उतरावे. अडकलेले अवजार सोडवण्याआधी पीटीओ काढावा आणि इंजिन बंद करावे.

मिनी ट्रॅक्टरला एकट्याच्या शेतावर वर्षभर पुरेसे काम मिळत नाही, म्हणून भाड्याची कामे आवश्यक ठरतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि उपसाधने ९० टक्के अनुदानावर देण्याची राज्याची योजना आहे. अशा गटांनी रोटाव्हेटर आणि ट्रॉलीसोबत रिजर व मागचे ब्लेडही घेतले, तर कापणी आणि पुढच्या रोवणीच्या मधल्या रिकाम्या काळात निचऱ्याचे काम मिळते. ट्रॅक्टरधारकाने नालीचे भाडे तासावर न आकारता मीटरवर आकारावे आणि त्यात पातळीची मोजणी व पावसानंतरची एक सफाईची फेरी धरावी. तासावर भाडे आकारले की जास्त खोदण्यातच चालकाचा फायदा होतो. मीटरवर आकारले, तर पाणी वाहते करणे ही त्याचीही जबाबदारी होते.